अठ्ठेचाळीस मतांचा हिशेब

मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४ जून २०२४ रोजी लागला. रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मते पडली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक अवघ्या ४८ मतांचा.

मी याच मतदारसंघाचा मतदार. माझे मत मात्र त्या मोजणीत नव्हते. २० मे रोजी मी बायकोबरोबर रांगेत उभा राहिलो होतो. ऊन चढत गेले, आईची औषधे आणायची होती. ‘एका मताने काय अडतंय?’ असे म्हणून मी निघून आलो. बायको थांबली आणि दीड तासाने मत देऊन घरी आली. निकालाच्या दिवशी तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि एवढेच म्हणाली, ‘अठ्ठेचाळीस.’

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. तीस वर्षे खासगी नोकरीत हिशेब लिहिले आणि निवडणुकांचे आकडे वहीत उतरवण्याचा नाद लावून घेतला. त्या दिवसापासून मात्र माझेच ते वाक्य तपासायला घेतले. एका मताने खरेच काही अडते का?

आधी माझ्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो वाटतो तितका लंगडा नाही. मोठ्या राज्यात एकट्याच्या मताला फारसे वजन उरत नाही आणि त्यातून मतदारांत उदासीनता येते, हे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८२१ मध्येच लिहून ठेवले होते. अमेरिकेतील अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये हाच विचार अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. मत द्यायला वेळ आणि श्रम लागतात, ते नक्की खर्च होतात. आपल्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता मात्र इतकी क्षुल्लक की नफ्या-तोट्याचा मेळ बसत नाही. मग लोक मत देतातच का, हा पुढे अभ्यासकांपुढचा पेच होऊन बसला.

ही शक्यता किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा, चुरस मोठी आहे आणि दोघांपैकी कोणीही १ मतापासून १ लाख मतांपर्यंत कितीही फरकाने जिंकू शकतो. म्हणजे जवळपास २ लाख निकाल संभवतात. त्यांतला बरोबरीचा एखादाच, आणि माझे मत निर्णायक ठरणार ते तिथेच. ढोबळमानाने लाख-दोन लाखांत एक संधी, तीही चुरशीच्या लढतीत. एकतर्फी लढतीत तीही नाही. शिवाय तो एक खासदार ५४३ पैकी एक.

इतिहासही हेच सांगतो. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकांत आजवर एकाही जागेचा निकाल एका मताने लागलेला नाही. सर्वांत कमी फरक ९ मतांचा, आणि तो दोनदा नोंदला गेला : १९८९ मध्ये आंध्र प्रदेशातील अनकापल्ली येथे आणि १९९८ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील राजमहल येथे. लक्षद्वीपमधून सलग दहा वेळा निवडून आलेले पी. एम. सईद २००४ मध्ये हरले ते ७१ मतांनी. एका मताने पडले ते सरकार. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा फेटाळला गेला. पण ते मत सभागृहातले, तुमच्या-माझ्या बोटावरच्या शाईचे नव्हे.

आमच्या मतदारसंघातही मी रांगेत थांबलो असतो तर फरक ४७ किंवा ४९ झाला असता. निकाल तोच राहिला असता. म्हणजे मी बरोबर होतो?

इथपर्यंत आल्यावर मी वही मिटणार होतो. पण निकालाची फोड पाहिली आणि थांबलो. नुसती यंत्रांवरची मते धरली तर कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि वायकर यांना ४,५१,०९४. एका मताचा फरक! टपाली मतांत वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मिळाली आणि पारडे फिरले. १११ टपाली मतपत्रिका अवैध ठरल्या. ‘नोटा’चे बटण दाबणारे १५ हजारांहून अधिक होते. (या निकालाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली, हेही नोंदवायला हवे.) आणि १७ लाखांहून अधिक मतदारांपैकी लाखो जण केंद्रावर गेलेच नाहीत. आमच्या इमारतीतच चौकशी केली, तर मत न देणारी अकरा माणसे निघाली. कारणे वेगवेगळी, शेवटचे वाक्य मात्र सर्वांचे सारखे आणि माझ्याशी जुळणारे. अशा पाच इमारती म्हणजे पंचावन्न मते झाली.

माझ्या हिशेबातली चूक इथे होती. ‘बाकी सगळे जसे वागायचे तसे वागणार, फक्त मी वेगळा’ असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझ्याच वयाची, माझ्यासारख्याच अडचणींची हजारो माणसे तोच विचार करत होती. मी एकटा घरी परतलो नव्हतो. शिवाय हा युक्तिवाद सर्वांनी मानला तर केंद्रावर कोणीच जाणार नाही, आणि मग जो एकटा जाईल त्याचे मत शंभर टक्के निर्णायक! सर्वांनी मानताच खोटा ठरणारा युक्तिवाद कुठेतरी कच्चाच असणार.

दुसरी गोष्ट, मत फक्त कोण जिंकले हे ठरवत नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. पक्षाला राज्यस्तरीय मान्यता मिळवण्याच्या निकषांत सहा आणि आठ टक्के मतांच्या अटी आहेत. पडलेल्या उमेदवाराला दिलेले मत ‘वाया गेले’ असे आपण म्हणतो, पण या खात्यांत ते जमाच असते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे केंद्रवार छापलेले असते. पक्षांचे कार्यकर्ते तो आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात. लाखांच्या बेरजेत दिसत नसलेले मत पाच-सहाशे मतांच्या केंद्रावर ठळक दिसते. कोणत्या वस्तीने मत दिले, कोणती वस्ती घरात बसली, हे तिथे कळते. पुढे नळाचे आणि गटाराचे काम कुठे आधी होते, याच्याशी त्याचा संबंध नसतो असे कोण म्हणेल? याला काळी बाजूही आहे. विरोधात मत देणारी वस्ती ओळखून तिला त्रास दिला जाऊ नये म्हणून अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात केली होती. वस्तीचे मत इतके उघड दिसते, म्हणून तर ते झाकण्याची गरज वाटली.

कायदाही एका मताला हलके धरत नाही. दोन उमेदवारांना समान मते पडली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ नुसार चिठ्ठी टाकतात, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक अधिक मत पडले असे समजून निकाल लावतात. नशिबाने दिलेला कौलसुद्धा वहीत ‘एक मत’ म्हणूनच लिहावा लागतो.

तेव्हा माझे उत्तर असे. तुमच्या एकट्याच्या मताने देशाचे सरकार ठरेल, असे कोणी सांगत असेल तर तो अतिशयोक्ती करतो. पण ‘निर्णायक नाही’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. रुपयातला प्रत्येक पैसा एकटा निरुपयोगीच असतो. मी तीस वर्षे पैशापैशाचा ताळा जमवला आणि नेमके हेच विसरलो.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. सकाळी सात वाजता मी रांगेत होतो, आईची औषधे आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. माझ्या मताने निकाल फिरणार नाही, हे मला लाखात-एकाच्या हिशेबासह पाठ होते. बायकोने विचारले, ‘आज थांबणार ना?’ मी थांबलो.