घास बैलाला, पोळी पाटीत

पोळा जवळ आला की गावाचं रूपच पालटतं. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर अंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. वेशीवरच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, मानाची जोडी पुढं निघते आणि पोळा फुटतो. मग बैल दारोदार जातात. घरधनीण पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते आणि पुरणपोळीचा घास भरवते.

वर्षातून एक दिवस बैलाला काम नाही, आसूड नाही, नुसतं खाणं आणि मिरवणं. अशा या आनंदाच्या दिवशी आमच्या घरावर काय बेतलं होतं ते आज सांगणार आहे. घरातली चूक चारचौघांत सांगायला संकोच वाटतो. त्यातून आम्ही कृषी खात्यातली माणसं, गावोगाव जाऊन दुसऱ्यांना शहाणपण सांगणारी. पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. या गोष्टीतून चार बैल वाचणार असतील तर लाज कशाची?

बैल कमी, दारं तेवढीच

गोष्ट २०१९ सालची. ३० ऑगस्टला पोळा होता. घरात आबा, आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गोठ्यात ढवळ्या-पवळ्याची जोडी, एक गाय आणि तिची कालवड. दारात मोत्या कुत्रा आणि चुलीपाशी मनी मांजर. सणाला पुण्याहून भाऊ, भावजय आणि पुतणे आले होते. घर कसं भरून गेलं होतं.

पूर्वी आमच्या गल्लीत घरटी एक जोडी होती. ज्याचा बैल त्यानं पुजायचा, ज्याचा त्यानं भरवायचा. आता ट्रॅक्टर आले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेतही हेच दिसलं की २०१२ च्या तुलनेत देशात गायी वाढल्या आणि नर जनावरं बरीच घटली. आमच्या गल्लीत त्या वर्षी दोनच जोड्या उरल्या होत्या. पण पूजा तर प्रत्येक घराला करायची असते. त्यामुळे आमची जोडी तेरा घरांच्या दारात गेली. प्रत्येक माउलीनं मनोभावे पोळी भरवली. कुणी एक, कुणी दोन.

त्यात पवळ्या जरा मारका. परकं माणूस दिसलं की शिंग उगारतो. म्हणून पोरंबाळं त्याच्या वाटेला जात नाहीत. ढवळ्या गरीब. कुणीही यावं, तोंडापुढं हात न्यावा आणि त्यानं खावं. सगळ्यांची माया त्याच्याच पोटात गेली.

दुपारी चारच्या सुमारास आमची मंडळी मला म्हणाली, "अहो, आता बास करा. ढवळ्याचं पोट बघा जरा."

मी पाहुण्यांत बसलो होतो. तिथूनच म्हणालो, "अगं, वर्षातून एकदाच येतो सण. खाऊ दे की."

आबांनीही री ओढली, "खाऊ दे पोरी, राबतो बिचारा." सासऱ्यांपुढं आणि पाहुण्यांपुढं ती काय बोलणार? गप्प आत गेली.

दमलेला बैल बसून रवंथ करतो

रात्री जेवणं झाली. नऊ वाजले असतील. ती मोत्याला पोळी टाकायला गोठ्याकडं गेली. मोत्याची जागा गोठ्याच्या दारात, ढवळ्याच्या शेजारी. थोड्या वेळानं तिथूनच तिची हाक आली.

"अहो, इकडं या. ढवळ्या रवंथ करत नाही."

"दमला असेल," मी म्हणालो. "दिवसभर मिरवलाय."

"दमलेला बैल बसून रवंथ करतो. हा उभा राहून दात खातोय."

मी कंदिलासारखा मोबाईल वर धरला आणि चरकलो. डावी भकाळी टम्म फुगलेली. मान खाली. शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली. एरवी दोन मिनिटांत दोन-तीनदा पोट आतून हललेलं हाताला कळतं. त्या रात्री काहीच कळेना.

डॉक्टरांना फोन केला. तोवर शेजारी जमले. एकानं तेलाची बाटली आणली, दुसऱ्यानं बांबूची नळी. मान उंच करून ओतायचं ठरलं. तेव्हा ही मधे उभी राहिली. "डॉक्टर येईपर्यंत त्याच्या तोंडात कुणी काही ओतायचं नाही," म्हणाली. तिच्या माहेरी असंच ओतताना एक गोऱ्हा ठसका लागून गेला होता. ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. आबा काही बोलले नाहीत. बाटली बाजूला ठेवली गेली.

साडेदहाला डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं, किती खाल्लं आणि किती वाजता?" आम्ही तिघं बापलेक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. उत्तर तिनं दिलं. तेरा घरच्या पोळ्या, त्यात पाच घरी दोन-दोन. आमच्या घरच्या पाच. पुतण्यांनी गुपचूप दिलेल्या चार. दुपारी आबांनी बाजरीच्या घुगऱ्यांची पाटी ठेवली होती, आणि ते माहीत नसल्यामुळे संध्याकाळी मी दुसरी ठेवली. पोळ्याच सत्तावीस झाल्या. यातल्या एकानंही जास्त दिलं नव्हतं. प्रत्येकानं "एकच" दिली होती.

डॉक्टर रात्री दोनपर्यंत बसून होते. सलाईन, शिरेतून औषधं, पोटासाठी औषधं. आम्ही चिमण्या करून शेकोटीपाशी बसलो. ती मात्र ढवळ्याच्या मानेवरून हात फिरवत उभीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती ओसरीवर आली आणि एवढंच म्हणाली, "रवंथ सुरू झाला." इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पीकपाण्याच्या बातमीनं मला तेवढं बरं वाटलं नसेल.

ढवळ्या वाचला. पण आठ-दहा दिवस जुवाला लावता आला नाही. औषधपाण्याचा खर्च झाला तो वेगळा आणि कोळपणीला दुसऱ्याची जोडी भाड्यानं आणावी लागली तो वेगळा. बैलजोडीची किंमत आज लाखाच्या घरात आहे. एका सणाच्या मायेनं ती उभी-उभी गेली असती.

पोटात नेमकं होतं काय?

आपल्या पोटात आणि बैलाच्या पोटात फरक आहे. बैलाच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा डाव्या बाजूला असतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि तेच कडबा, गवत कुजवून पचवतात. म्हणजे बैल चारा खातो तो आधी या जिवांना खाऊ घालतो. त्यांना सवय कडब्याची. त्यांच्यावर अचानक पीठ, गूळ, डाळ, भात, शिजवलेलं धान्य येऊन पडलं की ते भराभर आंबतं. आंबलं की आम्ल तयार होतं. आम्ल वाढलं की चारा पचवणारे जीव मरतात, पोटाची हालचाल बंद पडते आणि रवंथ थांबतो. अंगातलं पाणी पोटाकडं ओढलं जातं. पोट भरलेलं दिसतं, पण जनावर आतून वाळत जातं. आम्ल रक्तात उतरलं की मग ते खाली बसतं, आणि पुष्कळदा पुन्हा उठत नाही. याला पोटातली आम्लता म्हणतात. जोराचा प्रकार असेल तर एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

नुसत्या पोळ्याचीच गोष्ट नाही

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. उडदाचे वडे, भात, गोडधोड गायीपुढं ठेवलं जातं. लग्न, बारसं, वास्तुशांत, जागरण-गोंधळ काहीही असो, पंगत उठली की उरलेला भात, बुंदी, पोळ्या टोपल्यांनी गोठ्यात जातात. "अन्न वाया जायला नको" ही भावना चांगली, पण त्या उरल्यासुरल्या अन्नावर दुभती गाय आजारी पडली तर अन्न वाचवलं आणि गाय घालवली असं होतं. त्यातही काही जण हे अन्न पिशवीसकट उकिरड्यावर टाकतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिक बंदी आली, तरी पिशव्या दिसतातच. खरकट्याच्या वासानं जनावर पिशवीच गिळतं आणि ती पोटात अडकून बसते.

आमच्या घरचा नियम

पुढच्या वर्षी, २०२० साली, कोरोनामुळे मिरवणूक नव्हती. घरच्या घरी पोळा झाला. त्या दिवशी मंडळींनी नियम घातला: घास बैलाला, पोळी पाटीत. पूजा करणाऱ्यानं पोळीचा चतकोर मोडून बैलाला भरवायचा, बाकीची पोळी स्वच्छ फडकं घातलेल्या पाटीत ठेवायची. बैलाचं पोट भरायचं ते नेहमीच्याच चाऱ्यावर, तेही सकाळी दाराबाहेर निघायच्या आधी. २०२२ साली लम्पीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हाही पोळा दारातच केला. नंतर बैल पुन्हा दारोदार निघाले, तेव्हा पाटीही त्यांच्याबरोबर निघाली. पाटी धरायला आमची मुलगी असते. गल्लीतल्या बायकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. मग ढवळ्याची रात्र आठवून त्यांनीही मान्य केलं. पाटीतल्या पोळ्या संध्याकाळी वस्तीवरच्या मजुरांच्या घरी जातात. मोत्याच्या वाटणीला एक ठरलेली आहे. मनीला पोळीचं काही नाही, तिचं लक्ष तुपाच्या वाटीकडं.

सणाचा मान गेला का? मुळीच नाही. उलट पोरांना आता पवळ्यालाही घास द्यावा लागतो, कारण तेरा घरांचे चतकोर दोघांत वाटायचे असतात.

हे लक्षात ठेवा

• सणाच्या दिवशी कुणी काय भरवायचं ते घरातल्या एकाच माणसानं ठरवावं.

• जनावर आधी चाऱ्यानं भरलेलं असावं. उपाशी पोटी गोड आणि धान्य घालू नये.

• निरोगी जनावर दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करतं. सणाच्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा गोठ्यात जाऊन रवंथ चालू आहे का, ते पाहावं.

• रवंथ बंद, डावी भकाळी फुगलेली, दात खाणं, आंबूस पातळ शेण, झोकांड्या यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. धान्य, पोळी ताबडतोब बंद करावी, पुढं फक्त कोरडा कडबा ठेवावा आणि पशुवैद्यकाला बोलवावं. मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

• मान उंच करून, जीभ ओढून तेल किंवा काढा ओतू नये. तो श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाचं दुखणं होतं आणि जनावर दगावतं.

• डॉक्टरांना काय, किती आणि केव्हा खाल्लं ते खरं सांगावं. लाजेनं पोळ्या कमी सांगितल्या तर औषधही चुकेल.

हजेरीपटावर कुणाचं नाव?

शेवटचा मुद्दा सरपंच, ग्रामसेवक आणि माझ्या खात्यातल्या मित्रांसाठी. पशुपालनाच्या मेळाव्याचा हजेरीपट काढून पाहा. सगळी नावं पुरुषांची. आणि गोठ्यात पहाटे शेण कोण काढतं? वैरण कोण टाकतं? धार कोण काढतं? कुठल्या गायीनं काल आंबोण ठेवलं ते कुणाला ठाऊक असतं? आम्ही शिकवतो एकाला आणि जनावर सांभाळतं दुसरंच माणूस. माझ्याजवळ शेतकीचा डिप्लोमा होता. रवंथ थांबलेला मात्र तिला दिसला, कारण ती रोज बघते.

तेव्हा पोळ्याच्या आधी आठ दिवस एक छोटी बैठक घ्या, आणि तिला बायकांना बोलवा. ज्या गावात उमेदची पशुसखी आहे तिथं तिला पुढं बसवा. पशुवैद्यकांचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. दवंडीत, नाहीतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एवढंच सांगा की घास बैलाला, पोळी पाटीत.

आणि घराघरातल्या कारभाऱ्यांना माझी हात जोडून विनंती. पाहुण्यांच्या देखत घरातलं माणूस "आता बास करा" म्हणालं, तर उठून एकदा बैलाच्या पोटाकडं बघा. मी त्या दिवशी उठलो नव्हतो.