एक नळ, अनेक बिऱ्हाडें

वाड्यांत बिऱ्हाडें पांच आणि नळ एकच असला म्हणजे सकाळीं जी तारांबळ उडते, तीच स्थिति व्हर्च्युअल मशीन चालविणाऱ्या संगणकाची होते. एका खऱ्या संगणकाच्या पोटांत केवळ आज्ञावलीच्या बळावर अनेक स्वतंत्र संगणक चालवावयाचे, ही युक्ति नवी नव्हे, आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं व्हीएम/३७० या नांवानें तिची एक प्रणाली जाहीर केली.

अशा प्रत्येक पाहुण्या यंत्रास वाटतें कीं, आपली डिस्क स्वतंत्र आहे. वस्तुतः ती बहुधा यजमान संगणकाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. मिनिटास ७२०० वेळां फिरणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या शीर्षाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा खर्ची पडतो. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. त्यामुळें विखुरलेल्या जागांचीं वाचनें सेकंदास सुमारें शंभरच साधतात. चार यंत्रांनीं एकदम मागणी केली कीं, शीर्षाची धांवपळ होते आणि प्रोसेसर रिकामा बसतो. म्हणून पहिला उपाय नळ वाढविण्याचा: यजमानाची ऑपरेटिंग सिस्टिम एका डिस्कवर व पाहुण्यांच्या फाइली दुसरीवर ठेवाव्या. फिरते भाग नसलेली एसएसडी असल्यास फारच उत्तम.

दुसरा उपाय आंखणीचा. फाइल गरजेप्रमाणें वाढूं दिल्यास जागा वांचते. पण वाढतांना नव्या नोंदी कराव्या लागतात व तिचे तुकडे विखुरतात. जागा आरंभींच राखून ठेवल्यास हा भार बराच टळतो. लिनक्सवरील केव्हीएममध्यें व्हर्टिओ ड्रायव्हर योजिला तर यजमानास जुन्या डिस्क-नियंत्रकाची हुबेहूब नक्कल करीत बसावें लागत नाहीं. त्यानेंहि वेग वाढतो.

तिसरा उपाय मात्र जपून करावा. लिहिलेलें तात्काळ डिस्कवर न नेतां स्मृतींत ठेवलें तर काम झपाट्यानें होतें. मधून मधून पाहुणें यंत्र तें कायमचें उतरविण्याची आज्ञा देतें. ती पाळली जाते तोंवर धोका थोडा. परंतु केव्हीएमच्या जोडीनें चालणाऱ्या क्यू-एमू या आज्ञावलींत ‘अनसेफ’ नांवाची एक रीत आहे. तींत ही आज्ञाच दुर्लक्षिली जाते. वेग डोळे दिपविणारा. पण नेमकी वीज गेली तर, जतन झाला म्हणून सांगितलेला हिशेब डिस्कवर असेलच असें नाहीं. पुसून टाकावयाच्या प्रयोगास ही रीत चालेल, दुकानाच्या खतावणीस नव्हे.

तात्पर्य, नळ वाढवावे, पाण्याची वाट सरळ करावी. पण हंडा खरोखरच भरला आहे, ही खात्री गमावून वेग मिळवूं नये.