हत्यारपेटी केवढी असावी?

संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या भाषा रचल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींबरोबर तयार हत्यारांची एक पेटी येते. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. पण नावावरून पुस्तकांचे कपाट डोळ्यांपुढे आणू नये. कारखान्यातल्या टूलरूमशी तिची तुलना आम्हांस अधिक पटते. यादी क्रमाने लावणे, फाइल उघडणे, तारखांचा हिशेब करणे, असली रोजची कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून ती एकदाच लिहून ठेवलेली असतात. ही पेटी केवढी असावी, ह्यावर जाणकारांत मोठा वाद आहे.

एक पक्ष म्हणतो, मोजके द्यावे. बाकीचे ज्याने त्याने बाहेरून आणावे. जावास्क्रिप्टचा व्यवहार पुष्कळसा असाच चालत आला. तिची बाहेरची हत्यारे एनपीएम नावाच्या कोठारात मिळतात, बहुधा फुकट. तेथे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक हत्यार होते. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून त्याची लांबी हवी तेवढी करणे, एवढेच त्याचे काम. ओळी अवघ्या ११. मार्च २०१६ मध्ये दुसऱ्याच एका हत्याराच्या नावावरून त्याच्या कर्त्याचा एका कंपनीशी तंटा झाला. कोठाराने कंपनीची बाजू घेतली, तेव्हा ह्या गृहस्थाने आपली सारी हत्यारे काढून घेतली, आणि जगभर ठिकठिकाणी प्रोग्रॅमांची जुळणी अडली. काही तासांत कोठारवाल्यांनी त्या ११ ओळी परत ठेवल्या. हात थांबल्यावरच ते हात होते हे कळावे, हा अनुभव आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. २०१७ च्या मानकात हीच सोय भाषेच्या स्वतःच्या पेटीत आली.

मग सगळेच पेटीत का घालू नये? कारण एकदा आत गेलेले हत्यार बाहेर काढणे महाकठीण. सी भाषेत ‘गेट्स’ नावाचे एक हत्यार होते. आलेला मजकूर ते ठेवून घेई; जागा किती आहे हे विचारीतच नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर जो ‘मॉरिस वर्म’ पसरला, त्याच्या शिरकावाची एक वाट हीच. तरीही १९८९ च्या मानकात ते कायम राहिले, आणि निघाले २०११ साली! जुने प्रोग्रॅम त्यावर उभे होते ना.

पायथॉन भाषा ‘बॅटऱ्यांसकट’ मिळते असे तिचे लोक अभिमानाने सांगत. तिनेही ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत जुनी १९ मोड्यूल काढून टाकली. त्यांतील कित्येकांना वाली उरला नव्हता. आमच्या मते वादाचे मूळ येथेच आहे. पेटीतल्या प्रत्येक हत्याराला धार लावणारा कोणी तरी लागतो, आणि तो बहुधा रात्री घरी बसून, बिनपगारी काम करीत असतो. त्याच्या श्रमावर मोठमोठ्या कंपन्या चालतात. तेव्हा ‘अजून एक घाला’ म्हणणाऱ्याने आधी सांभाळणारा कोण, हे सांगावे.

जेथे हा विचार झाला, तेथे मार्गही निघाला. निरनिराळ्या देशांच्या घड्याळांचा हिशेब पायथॉनने २०२० साली पेटीत घेतला. पण कोणत्या देशाची वेळ कधी बदलते ह्याची कोष्टके मात्र बाहेर ठेवली. ती संगणकाच्या मूळ यंत्रणेतून किंवा वेगळ्या पॅकेजातून येतात. त्यामुळे एखाद्या सरकारने घड्याळे पुढेमागे केली, तरी भाषेच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.