खेळातली गाडी ‘खरी’ केव्हा होते?

२०२५ च्या मे महिन्यातील गोष्ट. अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या मैंदर्गी येथे नातलगांकडे जाणे झाले होते. दुपारचे ऊन असे, की सोप्यातून अंगणात पाऊल टाकण्याची कोणाची छाती नव्हती. घरातली सारी मुले सोप्यातच पसरली होती. पुण्याहून सुटीसाठी आलेला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा लॅपटॉपवर मोटार शर्यतीच्या एका नव्या खेळाच्या चित्रफिती पाहत होता. त्याचा सातवीतला चुलतभाऊ शेजारीच मोबाइलवर एसटी चालवत होता.

‘‘दादा, तुझ्या गाडीचा हॉर्न आपल्या एसटीसारखा वाजतो का?’’ धाकट्याने विचारले.

‘‘हॉर्नचं काय घेऊन बसलास? टायर तापला की गाडीची पकड कशी बदलते, ते बघ.’’

‘‘माझ्या गाडीवर बघ की. अक्कलकोट आगार लिहिलंय!’’

संवाद एवढाच. परंतु संगणकावरील शर्यतींचा कोणताही मोठा खेळ येऊ घातला, की जगभर जो वाद झडतो, त्याचे सार या तीन वाक्यांत आले होते. खेळ खराखुरा असावा, याविषयी दोघांचे एकमत होते. खरा कशाला म्हणायचे, एवढ्यावरच ते अडले होते.

थोरला ज्याच्या प्रतीक्षेत होता, तो खेळ म्हणजे ‘असेट्टो कोर्सा इव्हो’. इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीने त्याची अपूर्ण आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये विक्रीला खुली केली. सुरुवातीला त्यात २० गाड्या आणि ५ ट्रॅक होते. बाकीचे टप्प्याटप्प्याने मिळेल, असा वायदा होता. जर्मनीतील प्रसिद्ध न्यूरबर्गरिंग ट्रॅकच्या परिसरातील रस्त्यांवर मोकळेपणी फिरता येईल, असेही कंपनीने जाहीर केले होते. उतावळ्या नवऱ्याप्रमाणे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांनी ही आवृत्ती लगेच विकत घेतली, आणि मग ‘अर्धा कच्चा भात ताटात का वाढला?’ अशी ओरडही त्यांनीच सुरू केली. अर्थात, कच्चा आहे हे सांगूनच वाढला होता, हा कंपनीचा बचावही खोटा नव्हता.

या खेळांविषयीची उत्कंठा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले, तेव्हा आपल्याकडील मुलांना पहिली शर्यत भेटली ती ‘रोड रॅश’मध्ये. शेजारच्या मोटारसायकलस्वाराला लाथ घालून पुढे जाण्याची त्यात मुभा होती. पाठोपाठ ‘नीड फॉर स्पीड’ आला. ब्रेक न लावताही वळण घेता येत असे आणि भिंतीवर आदळलेली गाडी क्षणात पुन्हा धावू लागत असे. मौज होती, पण गाडी चालवण्याशी तिचा संबंध बेताचाच होता.

त्याच काळात, १९९८ मध्ये, पॅपिरस या अमेरिकन कंपनीचा ‘ग्रां प्री लेजंड्स’ नावाचा खेळ आला होता. १९६७ सालच्या फॉर्म्युला वन गाड्यांवर तो बेतलेला होता. नवख्या माणसाची गाडी पहिल्याच वळणावर गवतात जाई, आणि दुसऱ्या खेपेसही तिथेच जाई. तरीही जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले, कारण ती गवतात का गेली, याचे उत्तर भौतिकशास्त्रात सापडत असे.

हे भौतिकशास्त्र मुख्यतः टायरचे आहे. धावत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठिकाणी. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात, आणि त्याच वेळी सुकाणू वळवले तर मागची बाजू निसटू पाहते. शिवाय वळणावर टायरचे तोंड ज्या दिशेला असते, नेमक्या त्याच दिशेला गाडी जात नाही. दोहोंत थोडा कोन पडतो. हा कोन वाढतो तशी पकड वाढते, परंतु एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पकड घटू लागते. उत्तम चालक त्या मर्यादेच्या काठाकाठाने गाडी नेतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे प्राध्यापक हान्स पाचेका यांनी टायरचे हे वागणे गणिती सूत्रात बसवले, आणि त्या सूत्राचा आधार मोटार उद्योगाप्रमाणे खेळ बनवणाऱ्यांनीही घेतला. आजचे गंभीर खेळ हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा मांडतात. त्याचा निकाल पडद्यावर दिसतोच. पण टेबलाला जोडलेल्या सुकाणूतील मोटर तो चालकाच्या मनगटापर्यंतही पोहोचवते. पुढची चाके घसरू लागली की सुकाणू एकाएकी हलके पडते. घाटात एसटी उतरवणाऱ्या चालकाच्या हातांना ही भाषा कोणी शिकवावी लागत नाही.

मात्र एवढे करूनही पुष्कळ काही सुटतेच. वळणावर मानेला बसणारा ताण घरातल्या खुर्चीत येत नाही. भीती तर नाहीच. म्हणून प्रत्येक खेळ वास्तवातील काही गोष्टी निवडतो आणि काही गाळतो. आणि काय गाळले, यावर वाद होतो.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘ग्रॅन टुरिझ्मो ५’. जपानमधील पॉलिफोनी डिजिटल आणि तिचे प्रमुख काझुनोरी यामाउची यांची ही मालिका डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झाली. स्वतः यामाउची मोटार शर्यतींत उतरतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. पाचव्या भागाची प्रतीक्षा मात्र इतकी लांबली, की ती थट्टेचा विषय झाली. त्याची झलक म्हणून एक छोटा खेळ २००७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आला. पूर्ण खेळ तारखा पुढे ढकलत ढकलत २४ नोव्हेंबर २०१० रोजी अवतरला. दरम्यान चर्चा एकच: आदळल्यावर गाडीला पोचा पडणार की नाही? तोवरच्या खेळांत कितीही वेगाने आदळा, गाडी शोरूममधून काढल्यासारखी राहत असे. आपल्या गाडीचा चुराडा झालेला दाखवणे मोटार कंपन्यांना रुचत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाई. अखेर पाचव्या भागात पोचे आले. गाड्या हजाराहून अधिक होत्या. पण त्यांतील आठशेच्या आसपास गाड्या जुन्या प्लेस्टेशनवरील खेळांतून उचललेल्या निघाल्या, आणि इंजिनांचा आवाज घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा येतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. खेळ तरीही एक कोटीच्या वर खपला.

आपल्याकडे या साऱ्या चर्चेला पैशांची एक वेगळी किनार होती. ज्या प्लेस्टेशन ३ वर हा खेळ चाले, ते यंत्र एप्रिल २००७ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. तेवढ्यात त्या वेळी खरी मोटारसायकल दारात उभी राहत असे. सुकाणू आणि पायाखालचे ब्रेक वेगळेच. घरातील वडीलधाऱ्यांचा ‘मग खरीच गाडी का घेत नाही?’ हा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु खऱ्या शर्यतीचा विचार केला, तर हा सगळा खर्च किरकोळ ठरतो. फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतींचे देशातील नावाजलेले कायमस्वरूपी ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा, कोइंबतूरचा आणि ग्रेटर नोएडाचा. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला यांपैकी कोणताही जवळचा नाही, आणि तिथवर पोहोचले तरी गाडी, टायर, मेकॅनिक यांचा खर्च आहेच. निसान आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीटी अकादमी’ने खेळातील वेगवान खेळाडूंना खऱ्या गाडीत बसवले, तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, २०११ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. ही अकादमी २०१४ मध्ये भारतातही आली होती. अशी दारे क्वचितच उघडतात. पण ती खेळातून उघडली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आता धाकट्याच्या प्रश्नाकडे येऊ. टायर खरा झाला. पण रस्ता कोणाचा? या खेळांत इंग्लंड, इटली, जपान, अमेरिका येथील ट्रॅक आलटूनपालटून असतात. लेझरच्या साहाय्याने त्यांचे मोजमाप घेतलेले असते. डांबरावरील लहानसहान उंचवटेही टिपलेले असतात. भारताचा ट्रॅक अशा मोठ्या खेळात झळकला तो २०११ मध्ये. कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा ‘एफ वन २०११’ हा खेळ सप्टेंबरमध्ये बाजारात आला. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे सेबास्टियन व्हेटेल तिथे जिंकण्यापूर्वी आणि नारायण कार्तिकेयन घरच्या प्रेक्षकांसमोर उतरण्यापूर्वी महिनाभर अगोदरच ठाण्याचा किंवा सोलापूरचा एखादा खेळाडू पाच किलोमीटरहून किंचित अधिक लांबीच्या त्या ट्रॅकवर शेकडो फेऱ्या मारून बसला होता. खेळ वास्तवाच्या पुढे धावला, असे म्हणण्यासारखा हा प्रसंग.

पुढे ही शर्यत म्हणजे क्रीडा की करमणूक, यावरून सीमाशुल्काचे आणि करमणूक कराचे वाद उभे राहिले. २०१३ नंतर फॉर्म्युला वन भारतात परतली नाही. वेळापत्रकातून भारत गेला, तसा पुढच्या वर्षीच्या खेळातूनही बुद्ध सर्किट गेले. ट्रॅक जागेवर होता. खेळाच्या लेखी मात्र तो उरला नव्हता.

तो परत आणला तो हौशी खेळाडूंनी. कुनोसचा पहिला ‘असेट्टो कोर्सा’ २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, तेव्हा त्यात बाहेरच्या माणसांनी बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक जोडण्याची सोय होती. अशा जोडकामाला खेळाडू ‘मॉड’ म्हणतात. जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या गावांजवळचे घाट, विस्मृतीत गेलेले ट्रॅक, बंद पडलेल्या गाड्या त्यात उभ्या केल्या. बुद्ध सर्किटही त्यातच पुन्हा अवतरले. मूळ खेळ दहा वर्षांनंतरही आवडीने खेळला जातो, तो यामुळेच. उलट, त्याच कंपनीचा २०१९ चा ‘असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ अधिक अचूक असूनही मॉडना बंद होता. त्यामुळे ‘इव्हो’ येणार म्हटल्यावर जाणकारांचा पहिला प्रश्न टायरचा नव्हता. दार उघडे राहणार का, हा होता. मॉडना वाव देऊ, पण आमच्या देखरेखीखाली, असे कंपनीचे म्हणणे होते.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. दुसऱ्या खेळांतून चोरलेल्या गाड्या मॉड म्हणून पैसे घेऊन विकल्या जातात, आणि ज्या मोटार कंपनीकडून परवाना घेतला तिला हे चालत नाही. परंतु बंद दाराचे दुखणे त्याहून मोठे आहे. उबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारींचा खेळ सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या घरी निरुपयोगी होऊन पडला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपात जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. माझ्या मते, खेळ किती खरा, या वादात ‘तो उद्या आपल्याकडे असेल का?’ हा प्रश्न टायरच्या तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे.

मैंदर्गीच्या सातवीतल्या मुलाला हे सारे सांगण्याची गरज नव्हती. त्याच्या हातातला खेळ होता ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. मालेओ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणलेला, साध्या मोबाइलवर चालणारा. रस्ते इंडोनेशियाचे, पाट्या त्या भाषेतल्या, वाहतूकही तिकडची. पण बसचे रूप आणि रंग बदलण्याची मुभा कंपनीने दिली, आणि आपल्या मुलांनी तिच्यावर लालपरी चढवली, शिवशाही चढवली. टायरचे गणित तिथे यथातथाच. तरी अक्कलकोट आगाराची एसटी जावा बेटावरून धावताना पाहून त्याचा चेहरा असा फुललेला होता, की थोरल्याचा लॅपटॉप त्यापुढे फिका वाटावा.

‘‘दादा, तुझ्या गेममध्ये अक्कलकोट-मैंदर्गी रस्ता येईल का?’’ त्याने पुन्हा विचारले.

‘‘ते लोक कशाला बनवतील? आपल्यालाच बनवावा लागेल,’’ थोरला म्हणाला. मग थोडा विचार करून, ‘‘आधी रस्ता नीट मोजावा लागेल.’’

ऊन उतरल्यावर दोघे मोटारसायकलच्या हँडलला मोबाइल बांधून चित्रण करण्यासाठी अक्कलकोटच्या दिशेने निघाले. गतिरोधक मोजून वहीत लिहिण्याचे काम मागे बसलेल्या धाकट्याकडे होते.