दूधभाकरी सोडवताना इन्सुलिनवर नजर हवी

चाकूरकडच्या घरांत मांजरासाठी वेगळे काही शिजत नाही. सकाळची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायची, जुन्या वाटीत चुलीजवळ ठेवायची, की झाले. अंगणात फिरणाऱ्या मांजराचे त्यावर भागते, कारण त्याचे खरे जेवण कडब्याच्या गंजीत आणि धान्याच्या पोत्यांमागे असते. उंदीर, पाली, एखादे पाखरू. पण नसबंदी झालेला, दिवसभर पलंगावर लोळणारा, आठ-नऊ वर्षांचा जाडजूड बोका उंदरामागे धावत नाही. त्याच्या पोटात काला जातो, नाहीतर पाकिटातले सुके दाणे. मांजरांमधला मधुमेह जास्त करून अशाच बोक्यांना गाठतो.

तो घटाघटा पाणी पितो, सारखा मुततो, भुकेने ओरडतो आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरांचे मागचे पाय अधू होतात. एरवी चवड्यावर चालणारे जनावर टाच टेकवून चालायला लागते. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला नेऊन रक्त-लघवी तपासली, मधुमेह ठरला, की डॉक्टर बहुधा दोन गोष्टी सांगतात: दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि दूधभाकरी बंद करून मांसाचा आहार.

घोटाळा होतो तो यानंतर. घरची माणसे इतक्या मनापासून ऐकतात की त्याच रात्री काला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी वाटीत नुसते चिकन येते. तिसऱ्या दिवशी पातळ शी सुरू, चौथ्या दिवशी मांजर वाटीकडे बघत नाही. इन्सुलिन मात्र जुन्याच मापाने चालू असते. अन्न आणि इन्सुलिन ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एका पारड्यातले वजन उतरवले आणि दुसऱ्याला हात लावला नाही, तर मांजराची साखर धोकादायक खाली येऊ शकते. जुलाबापेक्षा हा धोका मोठा आहे.

असे का होते, हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे जाते. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. आपल्या लाळेत पिष्ट पदार्थ फोडणारे एन्झाइम असते, मांजराच्या लाळेत ते नसते. स्वादुपिंडातून येते तेही कुत्र्याच्या तुलनेत फारच थोडे. जेवणानंतर रक्तात एकदम आलेली साखर उचलून घेणारे यकृतातले एन्झाइमही त्याच्यात कमजोर असते. गोड चव ओळखणारे जनुकच मांजरात निकामी आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्याचे यकृत मांसातल्या प्रथिनांपासून चोवीस तास साखर बनवत असते, म्हणून त्याला भाकरीची गरजच नसते. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. निरोगी, धावतेपळते मांजर थोडी भाकरी पचवून टाकते. मधुमेही मांजराच्या रक्तात मात्र ती साखर तासन् तास साचून राहते, आणि ती खाली आणायला इन्सुलिन जास्त लागते.

आता हीच भाकरी काढून घेतली तर? साखर वर चढत नाही, इन्सुलिन कमी लागते. काही मांजरांची गरज तर पहिल्या काही महिन्यांत इतकी घटते की इंजेक्शनच बंद करता येते. कर्बोदके कमी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पण ही घट कधी होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून अन्न बदलण्याच्या काळात साखर मोजत राहावी लागते.

पाकिटातल्या खाद्यात कर्बोदके किती, हे वेष्टणावर बहुधा छापलेले नसते. ते काढायचा हिशोब सोपा आहे. समजा सुक्या दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने ३२ टक्के, स्निग्धांश १०, ओलावा १०, तंतू ५ आणि राख ८ असे लिहिले आहे. बेरीज ६५. शंभरातून वजा केली की उरतात ३५ टक्के, ती कर्बोदके. पण खरा प्रश्न ऊर्जेचा असतो. प्रथिने आणि कर्बोदके यांना साडेतीनने आणि स्निग्धांशाला साडेआठने गुणले की ११२, १२२ आणि ८५ असे आकडे मिळतात. म्हणजे एकूण ऊर्जेपैकी ३८ टक्के कर्बोदकांतून आली. मधुमेही मांजरासाठी हा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आत हवा. आता ओल्या खाद्याचे पाऊच घ्या: प्रथिने ११, स्निग्धांश ५, ओलावा ८०, तंतू अर्धा टक्का, राख २. उरतात दीड टक्का कर्बोदके. ऊर्जेतला त्यांचा वाटा जेमतेम ६ टक्के. राख छापलेली नसेल तर सुक्या खाद्यात ८ आणि ओल्यात २ धरा. घट्ट ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये पिष्ट मिसळलेले असू शकते, म्हणून तिथे हा हिशोब जरूर करावा.

बदल संथ हवा. दहा-बारा दिवस धरून चाला. म्हाताऱ्या किंवा आधीच नाजूक पोटाच्या मांजराला तीन आठवडेही द्यावेत. माझ्या मते आधी दूध काढावे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, आणि घरोघर दिसणारी पातळ शी पुष्कळदा दुधाचीच असते. भाकरी काही दिवस चिकन उकळलेल्या पाण्यात भिजवून द्यावी, आणि त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण, मसाला काहीही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. घरच्या रश्श्यातली फोड त्याच्या वाटीत टाकणे ही माया नव्हे. मग तीन-चार दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, पुढचे तीन-चार दिवस अर्धे-अर्धे, त्यानंतर एक भाग जुने. प्रत्येक पायरीवर शी, भूक आणि साखर या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच पुढे जायचे. शी सैल झाली तर एक पायरी मागे या आणि तिथेच दोन-तीन दिवस थांबा. सगळे सोडून पुन्हा काल्यावर जाऊ नका.

नुसते उकडलेले चिकन चार-दोन दिवस चालते, कायमचे चालत नाही. त्यात कॅल्शियम पुरेसे नसते, आणि टॉरिन नावाचे अत्यावश्यक द्रव्य उकळताना पाण्यात उतरते. टॉरिन कमी पडले की मांजराची दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली उघड झाला. म्हणून शेवटी मांजरांसाठीच बनवलेल्या पूर्ण आहाराकडे जायचे, किंवा डॉक्टरांकडून पूरके ठरवून घ्यायची. मूत्रपिंडे थकलेली असतील तर प्रथिने किती द्यायची हेही त्यांनीच ठरवावे. आणि चिकन कच्चे कधीही नको. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. मांजरांना हा रोग होतो आणि जीवही घेतो. मांस पूर्ण शिजवलेलेच द्या.

पोट बिघडले की आपल्याकडे पहिला उपाय दहीभात. मधुमेही मांजराला तो नको, भात म्हणजे पुन्हा साखरच. ओआरएसच्या पुडीतही ग्लुकोज असते, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पॅरासिटामॉलचा तर तुकडाही मांजराला मारतो. घरी करण्याजोगे एवढेच: स्वच्छ पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवण थोडे थोडे करून चार-पाच वेळा द्या, आणि ओले अन्न वाटीत पडून राहू देऊ नका. चैत्र-वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात पाऊच फोडल्यावर तासाभरात अन्न नासायला लागते. कित्येकदा दोष नव्या खाद्याचा नसतो, उघड्या वाटीचा असतो. जंताचे औषध कधी दिले होते तेही आठवून बघा.

मांजर खेळते आहे, खाते आहे आणि फक्त शी सैल आहे, तर एखादा दिवस वाट पाहता येते. पण ते सारखे ओकत असेल, कुबड काढून बसले असेल, शीमध्ये रक्त असेल किंवा श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेही मांजरांत स्वादुपिंडाला सूज येण्याचे प्रमाण बरेच असते. इन्सुलिन कमी पडल्याने रक्तात कीटोन साचले तर जीव धोक्यात येतो. लघवीतले कीटोन तपासायच्या माणसांच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, त्या घरी असू द्या. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून कावीळ होऊ शकते. भूक लागली की खाईल, हा विचार मांजराच्या बाबतीत घातक ठरतो.

मग जेवले नाही तर इन्सुलिन द्यायचे का? नेहमीचे अर्ध्याहून जास्त खाल्ले आणि पोटात राहिले, तर बहुतेक डॉक्टर नेहमीचा डोस चालू ठेवायला सांगतात. त्याहून कमी खाल्ले किंवा ओकले, तर पूर्ण डोस देऊ नका. साखर मोजून डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने लागोपाठ डोस चुकवणेही तितकेच वाईट, कारण मग कीटोन वाढतात.

साखर घरी मोजता येते. कान हाताने किंवा कोमट कापसाने गरम करायचा, बाहेरच्या कडेला बारीक टोचायचे, आलेला थेंब पट्टीला लावायचा आणि कापसाने क्षणभर दाबून धरायचे. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवते, हे डॉक्टरांना सांगून ठेवा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर एकदम चढते, म्हणून घरच्या नोंदीला मोल आहे. साखर ६०च्या खाली गेली, किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागले, थरथरले, तर मध किंवा ग्लुकोज पावडरचे घट्ट पाणी हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. सावरल्यावर खायला घाला आणि तरीही दवाखान्यात न्या, कारण आधी दिलेले इन्सुलिन अजून काम करत असते.

सिरिंजबद्दल मुद्दाम सविस्तर सांगतो. आपल्या मेडिकलमध्ये नेहमीच्या इन्सुलिनची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिनसारखे इन्सुलिन १०० युनिटचे असते, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. १०० युनिटच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने दोन रेघा ओढल्या, तर मांजराच्या अंगात दोनऐवजी पाच युनिट जातात. बहुतेक मांजरांचा सुरुवातीचा डोस एक युनिटच्या आसपास असतो, यावरून या चुकीचे गांभीर्य कळेल. दुकानदाराने दुसरी सिरिंज दिली तर घेऊ नका. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. लाइट बराच वेळ जाणार असेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी.

अंगाला खाज सुटली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर मांजर मधुमेही आहे हे आधी सांगा. स्टेरॉइडच्या एका इंजेक्शनने आठवड्यांची मेहनत वाया जाते.

आणि अन्न बदलायच्या आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: कोणत्या आकड्याला डोस कमी करायचा, किती कमी करायचा, आणि मांजर जेवले नाही तर रात्री कोणाला फोन करायचा. तपासणीला जाताना मांजराबरोबर खाद्याचे पाकीट, साखरेची वही, इन्सुलिनची बाटली आणि वापरात असलेली सिरिंज या चारही वस्तू पिशवीत घाला. उदगीर काय किंवा लातूर काय, एकदा डॉक्टरांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या की डोस ठरवणे सोपे होते.