तळपाय बघितले का?

रात्री अकराच्या सुमाराला दोन हवालदार एखाद्याला घेऊन यायचे. "मॅडम, मेडिकल करून द्या, सकाळी कोर्टात हजर करायचंय." ग्रामीण रुग्णालयात 23 वर्षं मी हे काम केलं. त्यातली पहिली दोन वर्षं चुकीचं केलं. नाडी, रक्तदाब, 'अंगावर ताज्या जखमा नाहीत', सही, शिक्का. शर्ट काढायला लावायचा हे मला शिकवलेलं होतं. मी लावत नव्हते.

एकदा एका पोराला पाऊलच टेकवेना. "चप्पल लागते," म्हणाला, हवालदाराकडे बघत. मी दोघांना पडद्याबाहेर पाठवलं. तळपाय सुजून काळेनिळे झालेले. पाठीवर जोडीजोडीने लाल रेघा, मधे फिकट पट्टा. काठीचा वळ असाच उठतो: काठी बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना दाबलं जातं आणि कडेच्या बारीक वाहिन्या फुटतात. पडल्याने अशा रेघा उठत नाहीत. मी मोजपट्टी काढली. लांबी, रुंदी, जागा, रंग, वेळ, सगळं लिहिलं. वळ आधी लाल, मग निळा, काही दिवसांनी हिरवट-पिवळा होतो. म्हणून रंगाची नोंद हवीच.

अशा नोंदीचं मोल ओडिशाच्या नीलबती बेहेरांच्या खटल्यात दिसतं. 1987च्या डिसेंबरात त्यांच्या 22 वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं. दुसऱ्या दिवशी तो रेल्वेरुळावर मेलेला सापडला. पळून गेला आणि गाडीखाली आला, असं पोलीस सांगत राहिले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र या जखमा लाठीच्याही असू शकतात अशी साक्ष दिली. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. 1993 साली न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून दीड लाखाची भरपाई द्यायला लावली.

सर्वोच्च न्यायालयाच्याच 1996च्या डी. के. बसू निकालाने कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53 सांगतं की अटकेनंतर लगेच तपासणी करायची आणि अहवालाची प्रत त्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला द्यायची. ही प्रत मागून घ्या. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020चा आदेश आहे. त्यासाठीही लगेच लेखी अर्ज द्या. कोर्टात "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?" असं विचारतात, तेव्हा पोलीस मागेच उभे असतात. बहुतेक जण "नाही" म्हणतात. मग उरतो तो डॉक्टरचा कागद.

त्या पोराची आई दोन दिवसांनी प्रत घ्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक जखम वाचून दाखवली. 'उजवा तळपाय' आला तशी तिने हात वर करून मला थांबवलं, आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला सांगितली.