जात्यावरच्या बायकांची नोंद

लोणावळ्याहून नागफणीकडे निघालं की कुरवंडे लागतं. याच मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात 1980च्या दशकात अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेऊ लागले. पुढे काम राज्यभर पसरलं. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्यामुळे 1990च्या दशकात ध्वनिमुद्रणही सुरू झालं.

एरवी संगीताचा ठेवा म्हटलं की घराणी, बुवा आणि मैफली. पहाटे दळण दळणाऱ्या बाईला गायिका म्हणणार कोण? इथे मात्र ओवीसोबत तिचं नाव, गाव, वय, मुलंबाळं आणि व्यवसाय नोंदलेला आहे. जातही. हा रकाना अनेकांना खटकतो. मला तो हवासा वाटतो. तो गाळला असता तर सगळ्या ओव्या एका गुळगुळीत ‘लोकसंस्कृती’त विरून गेल्या असत्या. सीतेचा वनवास, माहेर, सासुरवास यांच्या जोडीला माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही संग्रहात आहेत, आणि त्या कुणाच्या हे कळतं.

नोंदणारेही बरेचसे गावातलेच होते. याच डोंगरपट्ट्यातल्या गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांनी आपल्या शेजारणींकडूनच ओव्या घेतल्या. वही घेऊन आलेल्या परक्यापुढे नवऱ्याचा जाच कोण गाणार?

हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने ऐकायला खुला केला आहे. मधल्या काळात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. पण बऱ्याच गायिकांनी ध्वनिमुद्रणासाठी ते पुन्हा मांडलं, कारण हात फिरल्याशिवाय ओळ आठवत नाही.